शिष्यवृत्ती कोणाची?

‘शिष्यवृत्ती’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याचा उत्तरार्ध कानांवरून निसटून जातो. वृत्ती म्हणजे उपजीविका, चरितार्थाची सोय. पूर्वी गावच्या जोश्याला वृत्ती असे. त्याने आपले काम निर्वेधपणे करावे म्हणून ती लावून दिलेली असे. तेव्हा शिष्यवृत्ती म्हणजे शिष्याला शिकताना पोटापाण्याची विवंचना पडू नये म्हणून केलेली तरतूद. ते बक्षीस नव्हे. बक्षीस झालेल्या कामाचे असते, वृत्ती व्हावयाच्या कामासाठी असते. हा भेद मी कोशातून शिकलो नाही. तो मला एका चुकीने शिकवला आणि त्या चुकीत माझा वाटा होता.

आमच्या धर्मग्रामाच्या शिक्षणनिधी समितीवर मी बरीच वर्षे आहे. जहाजावर इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेल्या एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ निधीला एक रक्कम दिली. सोबतच्या पत्रात अट एकच होती : विज्ञान अथवा अभियांत्रिकीच्या पदवीसाठी जाणाऱ्या गुणवंत विद्यार्थ्याला दरवर्षी एक शिष्यवृत्ती द्यावी. २०१७ च्या जुलैत आमच्यापुढे दोन अर्ज आले. एक मुलाचा. बारावीला ९२ टक्के, संगणक अभियांत्रिकीला प्रवेश निश्चित. वडील बँकेत अधिकारी, आई शिक्षिका. मुलगा खरोखर हुशार आणि कष्टाळू. त्याच्याबद्दल उणा शब्द काढण्याचे कारण नाही. दुसरा अर्ज मुलीचा. ७९ टक्के, बी. एस्सी.ला जाऊन पदार्थविज्ञान घेण्याची इच्छा. वडील हयात नाहीत. आई पहाटेच्या पहिल्या गाडीच्या लगेजच्या डब्यातून मुंबईला भाजी नेई आणि मेथी-पालकाच्या जुड्या बांधून आईला स्टेशनवर पोचवल्यावर मुलीचा दिवस सुरू होई. अर्जात यातले काही नव्हते. अर्जात टक्केवारीचा रकाना होता आणि उत्पन्नाचा होता. जुड्यांचा रकाना नव्हता.

दहा मिनिटांत निर्णय झाला. ‘गुणवंत’ हा शब्द दात्याचाच होता, आणि ९२ हा आकडा ७९ पेक्षा मोठा आहे हे सांगायला समितीची गरज नसते. मी हात वर केला. रविवारच्या मिस्सानंतर पाकीट दिले गेले, टाळ्या झाल्या. बाहेर पडताना मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, “सर, आणखी कुणी अर्ज केला होता का?” मी म्हणालो, “होते एक-दोन.” त्या सरळ माणसाने मला सत्य सांगण्याची संधी दिली होती, मी ती टाळली.

गुणवत्तेला प्राधान्य देणाऱ्यांची बाजू दुबळी आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या देशात ती जमशेटजी टाटांनी जितक्या ठामपणे मांडली तितकी क्वचितच कोणी मांडली असेल. समाजातल्या अत्यंत दुर्बलांना टेकू देण्यापेक्षा सर्वोत्तम आणि प्रतिभावान माणसांना वर उचलल्याने राष्ट्राची सेवा अधिक होते, हा त्यांचा विचार. १८९२ साली त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला तो याच विचारातून. राजा रामण्णा, जयंत नारळीकर असे शास्त्रज्ञ पुढे या निधीच्या साहाय्याने शिकले. विज्ञान आणि अभियांत्रिकी ही खर्चाची शिक्षणे आहेत. एक समर्थ अभियंता शंभर घरांत पाणी आणतो, मग पैसा जिथे सर्वाधिक फळेल तिथे का पेरू नये? दानाला हिशेब नसावा असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या हाती दुसऱ्याचे पैसे आहेत त्याने हिशेब केलाच पाहिजे.

तथापि त्या निधीच्या दोन गोष्टी आपण सोयिस्करपणे विसरतो. पहिली ही की टाटांनी दिले ते कर्ज, कर्जाऊ शिष्यवृत्ती. शिकून उभ्या राहिलेल्याने परत करावे आणि त्यातून पुढच्याला मिळावे. म्हणजे गुणवंताला त्यांनी इनामदार मानले नाही, ऋणको मानले. दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. त्या निधीच्या अगदी पहिल्या मानकरी दोन स्त्रिया होत्या, फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर, दोघीही वैद्यकातल्या. त्या काळी स्त्रीजवळ बुद्धी कितीही असली तरी वाट बंद होती. तेव्हा ‘वर उचलणे’ या शब्दांतच कोणीतरी खाली अडकलेले आहे हे गृहीत असते. जो आधीच माडीवर उभा आहे त्याला उचलून ठेवणार कुठे?

आता गुणांचे पाहू. टक्केवारी काय मोजते? बुद्धी आणि कष्ट मोजते, यात शंका नाही. पण त्याबरोबर ती घरातले टेबल मोजते, शिकवणीची फी मोजते, रात्री मिळालेली झोप मोजते. आणि एकदा पुढे गेलेला पुढेच जात राहतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली विज्ञानाच्या क्षेत्रातच हे दाखवून दिले. नावाजलेल्या शास्त्रज्ञाला आणखी नाव मिळते, अनामिकाच्या तितक्याच मोलाच्या कामाकडे कोणी पाहत नाही. या प्रकाराला त्यांनी नाव दिले ते ‘मत्तय परिणाम’. आपल्या वाचकांना ते कोठून आले हे सांगायला नको. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील थैल्यांच्या दाखल्याचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. (प्रवचनात तो दाखला येतो तेव्हा आळशी चाकराचे खापर आपण नेहमी गरिबाच्या माथी का फोडतो, हे मला अद्याप कळलेले नाही.) मर्टन स्वतः फिलाडेल्फियातल्या गरीब स्थलांतरित ज्यू कुटुंबातले आणि शिष्यवृत्तीवर शिकलेले.

नेदरलँड्समधील तरुण संशोधकांच्या अनुदानांविषयीचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निवडीच्या रेषेच्या किंचित वर असलेले आणि किंचित खाली राहिलेले, म्हणजे जवळजवळ समान गुणांचे उमेदवार त्यात पडताळले होते. पुढच्या ८ वर्षांत वरच्यांना खालच्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळाला. याचे एक कारण वाचताना मी थबकलो : डावलले गेलेले पुन्हा अर्जच करीनासे झाले.

सरकारी योजनांतही हीच ओढाताण दिसते. २००८ च्या ‘इन्स्पायर’ योजनेत बारावीला आपल्या मंडळाच्या वरच्या १ टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान निवडणाऱ्याला वर्षाला ८०,००० रुपये ठरले. घरचे उत्पन्न विचारले जात नाही. उत्पन्नाची मर्यादा घालून वरच्या २० टक्क्यांतल्या मुलांना मिळणारी केंद्राची सर्वसाधारण शिष्यवृत्ती पदवीच्या वर्षांत १२,००० रुपयांची. दोन्ही योजनांचे हेतू वेगळे आहेत, हे मान्य. तरी आकडे शेजारी ठेवले की मन अस्वस्थ होते.

या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार आठवतात श्रीनिवास रामानुजन. १९०४ साली ते कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती घेऊनच दाखल झाले. वडील साडीच्या दुकानात कारकून. गणितापुढे बाकीचे विषय त्यांना दिसेनात, इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. आई प्राचार्यांकडे गाऱ्हाणे घेऊन गेली; नियम तो नियम, असे उत्तर मिळाले. ते प्राचार्य क्रूर होते असे मी म्हणणार नाही. माझ्यासारखेच ते एका रकान्याकडे पाहत होते. मुलगा घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेला. पुढे मद्रासला पुन्हा परीक्षा, पुन्हा अपयश, आणि १९१२ साली पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी. १९१३ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली, ती पदवी नसताना, म्हणजे नियमाला मुरड घालूनच. त्याआधी हार्डींचे पत्र केंब्रिजहून आले होते, हेही विसरता येत नाही. ज्यांच्यासाठी असे पत्र कोणी लिहीत नाही त्यांचे काय होत असेल?

रामानुजन रॉयल सोसायटीचे सदस्य झाल्यावर विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंड देऊ केले. १९१९ च्या जानेवारीत, इंग्लंडमधल्या आजारपणातून, त्यांनी निबंधकांना आभाराचे पत्र लिहिले. आईवडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत आणि आपला आवश्यक खर्च भागून जे उरेल ते गरीब व अनाथ मुलांच्या फीसवलतीसाठी आणि शाळांतल्या पुस्तकांसाठी वापरावे, अशी इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली होती. त्यांनी हुशार मुले म्हटले नाही, गणितात गती असलेली म्हटले नाही. त्या शतकातल्या मोठ्यातल्या मोठ्या गणितज्ञाने शिष्यवृत्तीचा निकष निवडला तो असा. पुढच्या वर्षी ते वारले.

मग केवळ गरजेवर द्यावे काय? तसेही मला म्हणता येत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यांची कहाणी आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. वाडी विकून बंगला बांधलेल्या माणसाचे वार्षिक उत्पन्न तलाठ्याकडे कसे आक्रसते, हे मी पाहिले आहे. शिवाय गरिबी सिद्ध करायला लावणे हाही एक अपमान असतो, आणि स्वाभिमानी घरे त्यापायी अर्जच करीत नाहीत. अभ्यासाची ओढ नसलेल्याला केवळ कीव म्हणून विज्ञानाच्या शाखेत ढकलणे ही दयाही नव्हे. गुण पाहावेच. पण मूल कुठपर्यंत पोचले एवढेच न पाहता ते कुठून निघाले हेही पाहावे. मेथीच्या जुड्या बांधून मिळवलेले ७९ हे किती होतात, याचे कोष्टक कोठेही छापलेले नाही. ते काढायला समिती हवी, रकाने नव्हेत. समितीतला माणूस त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसला पाहिजे. मी गेलो नव्हतो. माझ्या घरापासून ते चालत पंधरा मिनिटांवर होते.

ती मुलगी बी. एस्सी.ला गेली नाही. तिने वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम धरले, नंतर पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतला एक अभ्यासक्रम केला. आज तिचे बरे चालले आहे. गेल्या वर्षी माझे रक्त तपासायला तीच आली. हात हलका आहे. “सर, मूठ घट्ट मिटा,” एवढेच ती बोलली. तिला पदार्थविज्ञानच का हवे होते, हे मी तेव्हा विचारले नव्हते, त्या दिवशीही विचारवले नाही.

अखेर मी दात्यांना फोन करून विचारले, “गुणवंत म्हणजे तुमच्या मनात नक्की कोण होते?” ते हसले. “सर, मी स्वतः दुसऱ्यांदा मॅट्रिक पास झालो. तेव्हाच्या फादरांनी फी भरली. पत्र लिहिताना चांगला शब्द हवा म्हणून तो घातला.” मग क्षणभर थांबून म्हणाले, “पण वडिलांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. नापास मुलालाही देऊ नका हं.”

यंदा पाच अर्ज आले आहेत. त्यांपैकी तीन घरी जाऊन आलो, दोन बाकी आहेत. बैठक येत्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर.