चार महिन्यांचे पैसे

बँकेत ६० लाख रुपये आहेत आणि महिन्याचा खर्च १५ लाख. म्हणजे कंपनीकडे चार महिने उरले. स्टार्टअपवाले याला ‘रनवे’ म्हणतात. भागाकार सोपा आहे, पण बाणेरमधल्या एखाद्या पंचवीस माणसांच्या ऑफिसात हा आकडा एक-दोघांनाच ठाऊक असतो. बाकीच्यांनी विचारलं तर फाउंडर म्हणतो, “फंडिंग येतंय, काळजी करू नका.”

हे खोटं बोलणं आहे का?

आधी फाउंडरची बाजू. आकडा फुटला की ज्यांना बाहेर लगेच नोकरी मिळते ते आधी जातात, म्हणजे नेमकं ज्यांच्या जिवावर प्रॉडक्ट उभं आहे तेच. ते गेले की डेमो अडतो, डेमो अडला की गुंतवणूकदार कचरतो, आणि चार महिने चालू शकणारी कंपनी दीड महिन्यात बसते. डॉक्टरने निदान सांगितलं म्हणून गाठ वाढत नाही; इथे सांगितल्यामुळेच वाढते. त्यामुळे रात्री तीन वाजता एक्सेल उघडून बसणारा आणि सकाळी हसतमुखाने मीटिंग घेणारा माणूस मला ढोंगी वाटत नाही. त्याने स्वतः कितीतरी महिने पगार घेतलेला नसतो, आणि हे घरीसुद्धा धड सांगितलेलं नसतं.

तरीही पलीकडच्या टेबलावरच्या मुलीचं काय? तिचा होम लोनचा हप्ता पाच तारखेला जातो. दुसरी नोकरी शोधायला तिला दोन-तीन महिने लागणार. आकडा लपवला की तिचे तेच महिने तिला न विचारता खर्ची पडतात.

त्यात ती बाजारभावापेक्षा कमी पगारावर आलेली असते, ईसॉप्सच्या भरवशावर. म्हणजे गुंतवणूक तिनेही केली आहे. पण दरमहा हिशेबाचा मेल गुंतवणूकदाराला जातो. तिला टाउनहॉलमध्ये पिझ्झा मिळतो. कंपनी बुडालीच, तर २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याचं कलम ५३ पैसे वाटण्याचा क्रम सांगतं. कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार त्यात बराच वर आहे, साधे शेअर अगदी तळाला, आणि गुंतवणूकदार सहसा घेतात ते प्रेफरन्स शेअर त्याच्या एक पायरी वर. पगार सोडून शेअर घेणं म्हणजे पुढच्या रांगेतून उठून शेवटच्या रांगेत बसणं. हे ऑफर लेटर देताना कोण समजावतं?

कायद्याची नजरही बहुधा पैसेवाल्याकडेच आधी जाते. रक्तचाचणीच्या थेरॅनोस कंपनीची एलिझाबेथ होम्स जानेवारी २०२२ मध्ये दोषी ठरली ती गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून ती सुटली. (ते प्रकरण सरळ फसवणुकीचं होतं. आपला बाणेरचा फाउंडर तसा नाही, म्हणून तर प्रश्न अवघड.)

माझ्या मते “येईल असं वाटतंय” आणि “येतंय” यांत मोठा फरक आहे, पण शब्द जपून वापरले म्हणून सुटका होत नाही. रनवे जेव्हा दुसरी नोकरी शोधायला लागणाऱ्या काळाइतका उरतो, तेव्हा तो आकडा एकट्या फाउंडरचा राहत नाही. तो सांगावा लागतो. सांगितल्यामुळे काही वाचू शकणाऱ्या कंपन्या बुडतील, हे धरून.

आणि कंत्राटदारामार्फत येणाऱ्या, सकाळी ऑफिस झाडून चहा ठेवणाऱ्या मावशी? त्यांना ईसॉप्स नाहीत, टाउनहॉलचं बोलावणंही नाही. आकडा त्यांनाही सांगायला हवा, आणि माझ्या हिशेबाने सगळ्यांच्या आधी.