‘ते बंद करा’

आमच्या न्यू जर्सीत दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही सात-आठ जण कुणाच्या तरी घरी जमतो. निमित्त एकच : सध्या घरी काय ऐकताय? ज्याची पाळी असेल त्याने अर्धा-पाऊण तास काहीतरी ऐकवायचं. ऐकताना कुणी बोलायचं नाही. नंतर चहा-चिवड्याबरोबर हवं तेवढं भांडायचं. बारा वर्षं हे चाललं आहे.

या बारा वर्षांत मल्लिकार्जुन मन्सूरांचे अनवट राग ऐकून झाले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या झाल्या, एकाने तर सलग तीन महिने बाखचं चेलो ऐकवलं. ‘सध्या काय ऐकताय’ हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, हे हळूहळू लक्षात आलं. विचारल्याबरोबर माणूस जरा सावरून बसतो. गाडीत किशोरकुमार लावणारा माणूस इथे येऊन मारव्याबद्दल बोलतो. एकदा एका मित्राने सरळ सांगितलं, ‘‘या महिन्यात मुलीला शाळेत सोडताना तिची गाणी ऐकली, बाकी काही नाही,’’ आणि तीच लावली. त्या दिवशी आम्ही हसलो खरे, पण त्याच्याइतकं खरं उत्तर त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये माझी पाळी होती. मी काकांची कॅसेट लावली.

काका गिरगावात चाळीत राहायचे, एका कचेरीत कारकून होते. लग्न केलं नाही, गाणं ऐकलं. १९७४ साली दादरला एका डॉक्टरांच्या घरी बैठक होती. गाणाऱ्या बाई मोठ्या होत्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. त्या ध्वनिमुद्रण करू देत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनाही. काकांनी एका आतेभावाकडून, जो नुकताच दुबईहून आला होता, छोटा कॅसेट रेकॉर्डर मागून आणला आणि खादीच्या पिशवीत घालून, वर शाल ठेवून, पहिल्या रांगेत मांडीजवळ ठेवला.

कॅसेट सुरू होते ती तानपुऱ्यांनी. मग बाईंचा आवाज येतो, गाण्याचा नाही, बोलण्याचा : ‘‘ते बंद करा.’’ कुणीतरी उघडपणे मोठं स्पूलचं यंत्र घेऊन आलं होतं, त्याला उद्देशून. खट्कन आवाज होतो, ते यंत्र बंद होतं. पिशवीतलं चालूच राहतं.

मग नंद. मध्यरात्र उलटून गेल्यावरचा असावा, कारण आवाजात थकवा आहे. विलंबित ख्यालाच्या अंतऱ्यात तार षड्जावर जाताना बाईंचा आवाज फाटतो. त्या थांबतात, किंचित हसतात, तबलजीला म्हणतात, ‘‘पुन्हा घेते हं.’’ आणि दुसऱ्यांदा त्या षड्जावर जातच नाहीत. निषादावर थांबतात, इतक्या वेळ की ऐकणाराच मनातल्या मनात वर सरकतो. खोलीतून एक दाद येते, ती मला काकांची वाटते. गाणं चढत जातं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. ती संपते तेव्हा एक तान अर्ध्यावर असते. सम येत नाही. बाजू बदलली असती तर खटक्याचा आवाज झाला असता, सगळ्यांना कळलं असतं. म्हणून काका तसेच बसून राहिले.

कॅसेट थांबल्यावर आमच्या तळघरातल्या त्या खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दोघं एकदम बोलले.

आमच्यातला सगळ्यात तरुण मुलगा म्हणाला, ‘‘ताई, याची कॉपी द्या. मी आवाज साफ करतो, सुरुवातीची ती खटखट आणि बोलणं काढून टाकतो आणि नेटवर टाकतो. हे लोकांपर्यंत गेलंच पाहिजे.’’

आणि ज्यांना आम्ही सगळेच मावशी म्हणतो, त्या म्हणाल्या, ‘‘अगं, त्यांनी बंद करा म्हटलं होतं ना? मग आपण आत्ता काय ऐकलं?’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोघांचंही मला पटलं होतं.

आधी त्या मुलाची बाजू सांगते, कारण ती लेचीपेची नाही. पन्नास वर्षांची चुंबकीय फीत आहे. तिच्यावरचा थर सुटतो, आवाज पुसट होतो. ही एकच प्रत आहे आणि ती माझ्या कपाटात आहे. उद्या मी गेले तर माझी मुलं, जी गुणी आहेत पण कॅसेट कशात लावतात हे त्यांना माहीत नाही, ती खोक्यासकट फेकून देतील. कलावंत जातो, पण त्याची कला काही फक्त त्याची नसते, गुरूंची असते, घराण्याची असते, पुढच्यांची असते. अन्नपूर्णादेवींनी भर उमेदीत जाहीर वादन सोडलं आणि उरलेलं आयुष्य मुंबईत घरात शिकवण्यात घालवलं. आज त्यांचं सूरबहार जे काही थोडं कानावर पडतं, ते खासगी ध्वनिमुद्रणांतून. ती नसती तर आपण काय ऐकलं असतं? शिवाय बाई आता नाहीत. ज्यांचा संकोच होता, त्या गेल्यावर तो संकोच कुणासाठी पाळायचा?

आता मावशींची बाजू. जुन्या कलावंतांचा ध्वनिमुद्रणाला विरोध म्हणजे लहर किंवा अंधश्रद्धा, असं आपण गमतीने सांगतो. पण त्यात विचार होता. तीन मिनिटांत ख्याल मावत नाही, हा एक. बंदिशी चोरीला जातील, हा दुसरा. आणि तिसरा, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही : बैठकीत गाणारा माणूस समोरच्या वीस-पंचवीस जणांवर भरवसा ठेवून धोका पत्करतो. आवाज फाटू शकतो. तान चुकू शकते. त्या चुका त्या खोलीत ठेवून सगळे घरी जातील, या भरवशावर तो जिथे कधी गेला नाही तिथे जातो. यंत्र चालू आहे म्हटलं की तो सुरक्षित गातो. म्हणजे बाई त्या रात्री निषादावर तशा थांबल्या, त्याचं एक कारण कदाचित हेच की यंत्र बंद आहे असं त्यांना वाटत होतं. आम्हाला जे सर्वांत मोलाचं वाटलं, ते नेमकं त्या फसवणुकीतून हाती आलं आहे. ही गोष्ट गिळणं मला जड गेलं.

आणि ध्वनिमुद्रण नसलं तर सगळं संपतं, हेही पूर्ण खरं नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. तरी जयपूर-अत्रौलीची गायकी आज गायली जाते, कारण ती केसरबाई, मोगूबाईंसारख्या शिष्यांच्या गळ्यात उतरली. त्याच केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार काटेकोर होत्या, मोजक्याच तबकड्या त्यांनी दिल्या. त्यांतली साडेतीन मिनिटांच्या आसपासची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. दुसरं यान सुटल्यावर अकरा दिवसांनी केसरबाई वारल्या. आज ती भैरवी सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. इतक्या दूर गेलेला तो आवाज चोरलेला नाही, त्यांनी दिलेला आहे. त्या साडेतीन मिनिटांत काय जावं, हे त्यांनी ठरवलं होतं.

कायद्याने हा प्रश्न सुटत नाही. भारतात कलाकाराच्या सादरीकरणावरचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. काकांनी पिशवीत यंत्र लपवलं ते त्याच्या वीस वर्षं आधी. पण मावशींनी काही कायदा विचारला नव्हता.

इथे परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. सवाई गंधर्वच्या मांडवात शेवटच्या रात्री बसणाऱ्याला ध्वनिमुद्रण म्हणजे आठवण असते. आपल्याला ते मूळ गाण्याच्या जागीच असतं. इथे आलो तेव्हा दोन बॅगांतली अर्धी एक कॅसेटनी भरली होती. पहिल्या हिवाळ्यात त्याच वाजवल्या. त्यामुळे तिकडचं जे काही कानाला लागेल, ते आपलंच, असं वाटायची सवय जडते. इतक्या लांब आहोत, इतकं सोडून आलो, एवढं तरी आमचं असू द्या. मीही स्वतःला हेच सांगत होते. पण आठवण कितीही तीव्र असली तरी तिने हक्क मिळत नाही. काकांचं प्रेमही खरं होतं. त्यांनी ती कॅसेट कधी विकली नाही, मिरवली नाही. त्या प्रेमातच त्यांनी समोर बसलेल्या बाईंचा शब्द मोडला. दोन्ही एकाच माणसाने केलं, एकाच रात्री.

मग मी पुण्यातल्या चुलतभावाकरवी बाईंच्या कन्येचा पत्ता काढला आणि फोन केला. सगळं सांगितलं, पिशवीसकट. त्या चिडतील अशी तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, ‘‘मला ऐकवाल का?’’ फोनवरच ऐकवली. ‘‘ते बंद करा’’ आलं तेव्हा त्या हसल्या. आईचा बोलण्याचा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तान अर्धी तुटली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘पुढचं?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘नेटवर नको. आईला ते आवडलं नसतं. मला एक प्रत पाठवा. तुमच्या घरी कुणी ऐकायला आलं तर ऐकवा, पण आईने नको म्हटलं होतं, हे त्यांना सांगून ऐकवा.’’

हे उत्तर तर्काने तपासलं तर त्यात भोकं सापडतील. मुलीला आईच्या वतीने अर्धी परवानगी देता येते का? घरात चालतं आणि नेटवर चालत नाही, यात तत्त्व कोणतं? मावशी अजून म्हणतात, त्या ती कॅसेट पुन्हा ऐकणार नाहीत. तो मुलगा म्हणतो, चार माणसांच्या सोवळ्यासाठी आपण एक मोठी गोष्ट मरू देतो आहोत. मी त्याला एवढंच म्हटलं की जपणं आणि वाटणं ही दोन वेगळी कामं आहेत. डिजिटल प्रत मी करून ठेवली आहे, एक इथे आणि एक पुण्यात. आवाज मरणार नाही. तो कुणापुढे जायचा ते मात्र आता त्यांच्या घरच्यांनी ठरवायचं.

पण एका गोष्टीची मला आता खात्री आहे. त्या मुलाने चांगल्या हेतूने जे काढून टाकू म्हटलं, सुरुवातीची ती खटखट आणि ते तीन शब्द, ते काढले असते तर खरी चोरी झाली असती. काकांनी निदान ते ठेवलं. पुढच्या पंचेचाळीस मिनिटांवर बाईंची संमती नाही, हे त्या कॅसेटवर बाईंच्याच आवाजात नोंदवलेलं आहे. ते ऐकून मग नंद ऐकला की कान वेगळा लागतो. आपण बोलावलेले नाही, हे माहीत असलेला माणूस जरा कमी ऐसपैस बसतो.

आमच्या शनिवारच्या बैठकीत तेव्हापासून एक छोटा बदल झाला. कुणी ठराव केला नाही, आपोआप झाला. सध्या काय ऐकताय याबरोबर, हे तुमच्यापर्यंत कसं आलं, हेही प्रत्येक जण सांगतो. कुणाची कॅसेट अलूरकरांच्या दुकानातून रीतसर विकत घेतलेली असते, कुणाची वडिलांच्या मित्राने उतरवून दिलेली, कुणाला फक्त एक दुवा आलेला असतो आणि तो कुठून आला हे त्यालाही ठाऊक नसतं. तेही तो सांगतो.

तुमच्या घरी सध्या काय चालू आहे? आणि ते तुम्हाला कुणी दिलं?