चेकच्या मागची सही

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला घरांना दारं नसतात, अशी ख्याती. २०११ साली युको बँकेनं तिथं शाखा उघडली, तेव्हा ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून तिची बातमी झाली. पण बँक लुटायला कुलूप फोडावं लागतं, ही समजूतच मला जुनी वाटते. खोट्या सहीचा चेक दिवसाढवळ्या, स्लिप भरून आत जातो. आणि तो भरणारा दरवेळी चोर असतोच असं नाही. कधी तो नुसता चोराच्या ओळखीचा असतो. त्याची जबाबदारी किती?

दोन माणसं कल्पून पाहू. एकानं घोडेगावच्या बाजारात कांदा विकला आणि व्यापाऱ्याकडून चेक घेतला. दुसऱ्याला कुणी म्हणालं, “माझं खातं नाही, तुझ्या खात्यात वटव, हजार ठेव, बाकी रोख दे.” दोन्ही चेक खोटे निघाले. दोघंही म्हणतात, “मला काय माहीत?”

कायद्याला एवढं उत्तर पुरत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं (१८८१) कलम १३१ ग्राहकासाठी रेखांकित चेक वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण देतं, पण सद्भाव आणि निष्काळजीपणाचा अभाव, दोन्ही असतील तरच. म्हणजे नुसता प्रामाणिकपणा पुरेसा नाही. करार कायद्याचं (१८७२) कलम ७२ म्हणतं, चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. तिथं दोषाचा प्रश्नच नाही. ‘मी निर्दोष आहे’ आणि ‘हा पैसा माझा आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. आपण पहिल्याच्या आधारे दुसरं खपवतो.

यावर आक्षेप रास्त आहे. नमुना सही बँकेकडे असते, २०२१पासून ५०,००० रुपये आणि त्यापुढच्या चेकसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय आहे, शेतकऱ्याकडे काय आहे? खरंच, सही पारखणं त्याचं काम नाही. कॅनरा बँकेच्या १९८७च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही खोट्या सहीवर दिलेल्या पैशाचा भार खातेदारावर ढकलू दिला नाही. बँक गाफील राहिली असेल, तर नुकसानीचा वाटा तिनं उचलावा.

पण एक प्रश्न कुठल्याही यंत्राशिवाय विचारता येतो: हा पैसा माझ्याकडे कशाबद्दल आला? कांदेवाल्याचं उत्तर त्याच्या हिशेबपट्टीवर लिहिलेलं आहे. पैसे परत करायची वेळ आली, तर ते त्याचं दुर्दैव. त्याला दोष देता येणार नाही. दुसऱ्याकडे उत्तरच नाही. त्यानं काही विकलं असेल, तर आपलं नाव, हजार रुपयांना. न विचारण्याचाच तो मोबदला होता. ‘माहीत नव्हतं’ हे त्याचं म्हणणं खरं असेलही. पण माहीत करून न घेणं त्यानं स्वतः निवडलं.

बिनदाराच्या घरात कोण शिरलं, हे निदान गावाला दिसतं. खातं वापरायला देणारा नेमकं तेच झाकतो. चोराला हवा असलेला चेहरा त्यानं दिलेला असतो, म्हणून चेकच्या मागे सही करताना मला ती नुसती औपचारिकता वाटत नाही. ‘हे माझं’ असं आपण तिथं लिहून देतो. पुढे ते नाकारायचं असेल, तर आधी विचारायला हवं होतं.