खिडकी कुणाची?

खिडकीच्या काचेला दोन आकडे असतात. पहिला यू-व्हॅल्यू: आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर एक चौरस मीटर काचेतून किती वॅट उष्णता सरकते. दुसरा एसएचजीसी: काचेवर पडलेल्या उन्हाचा किती हिस्सा उष्णता होऊन आत येतो. साध्या एकेरी काचेचे आकडे साधारण ५.७ आणि ०.८. मध्ये पोकळी असलेल्या दुहेरी काचेचे २.८ आणि ०.७. आमच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या चार सागवानी खिडक्या बदलायचं निघालं, तेव्हा यूपीव्हीसीवाला फक्त पहिल्या आकड्याबद्दल बोलत होता.

मी सॉफ्टवेअरवाला, आकडा दिसला की स्प्रेडशीट उघडतो. एप्रिलमधली दुपारी चारची वेळ, पश्चिमेची खिडकी, आत-बाहेर पाच अंशांचा फरक धरा. पहिल्या आकड्याच्या हिशेबाने एकेरी काचेतून येतात जेमतेम २८ वॅट, दुहेरीतून १४. पण काचेवर तेव्हा पाचेकशे वॅटचं ऊन पडत असतं. एकेरी काच त्यातले ४०० आत सोडते, दुहेरी ३५०. म्हणजे युरोपातल्या हिवाळ्यासाठी बनलेली वस्तू कोल्हापुरात खपवली जाते आहे. इथे लढाई थंडीशी नाही, उन्हाशी आहे, आणि ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधी अडवणं सगळ्यात स्वस्त. छज्जा वाढवा, बाहेरून बांबूचा चिक सोडा, काम झालं. (कोटिंगवाली काच एसएचजीसी ०.३ पर्यंत खाली आणते हे खरं. पण बहुतेक वेळा उजेडही कमी होतो, आणि मग भर दुपारी ट्यूब लावून वीज वाचवायची.)

इथपर्यंत गणित होतं. पुढचं मला स्प्रेडशीटमध्ये बसवता येईना.

हे सगळे आकडे बंद खिडकीचे आहेत. खिडकी उघडी असेल तर ०.८ काय आणि ०.३ काय. आमच्या घरी एसी नाही. संध्याकाळी घाटाकडून वारा आला की चारही खिडक्या सताड उघड्या. वीज वाचवणारी खिडकी वीज तेव्हाच वाचवते, जेव्हा आत वीज खाणारं काहीतरी असतं. आधी घट्ट खिडकी, मग आत कोंडतंय म्हणून एसी, मग एसीचं बिल कमी येतंय म्हणून त्याच खिडकीचं कौतुक. विल्यम स्टॅनले जेव्हन्सने १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’मध्ये दाखवलं होतं की इंजिनं कमी कोळशात चालू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट जास्त जळाला. केंद्राच्या इको-निवास संहितेत (२०१८) भिंती-खिडक्यांतून शिरणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा आहे. पण त्याच संहितेत उघडता येणारी खिडकी किमान किती हवी, हेही आहे. त्याची जाहिरात कुणी करत नाही.

आज्जीचा मुद्दा वेगळाच. ती रोज बोळाकडच्या खिडकीत बसते, गजांतून भाजीचा भाव ठरतो, कुणाच्या पोरीचं जमलं ते कळतं. ती म्हणाली, “खिडकी लावून बसलं तर माणूस घरात हाय का न्हाय, कसं कळायचं?” मला हा भावुकपणा वाटत नाही. एकटं म्हातारं माणूस पडलं तर पहिल्यांदा कळतं ते उघड्या खिडकीतूनच.

तरीही जुन्या खिडक्यांचे गोडवे गाणाऱ्या लेखांचा मला कंटाळा आहे. आमच्या खिडक्या जुलैत फुगतात, लागत नाहीत, पाऊस गादीपर्यंत येतो. आणि बाबा. त्यांना बीपी आहे, मे महिन्यात रात्र रात्र झोप लागत नाही. पृथ्वीचं तापमान वाढू नये म्हणून माझ्या बापाने जागं राहावं, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? मी स्वतः ऑफिसात दिवसभर २३ अंशांत बसतो.

तेव्हा एसी हवा की नको यापेक्षा मला वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटू लागला: आपल्या गारव्याचा खर्च कोण भरतं? एसी उष्णता नाहीशी करत नाही, बाहेर टाकतो, वर स्वतःच्या विजेची भर घालून. आमच्या बोळात ‘बाहेर’ म्हणजे समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी, सहा फुटांवर.

उजेड हा खाजगी मामला नाही, हे आपल्याकडे मान्य आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवात, जानेवारीअखेर आणि नोव्हेंबरात, मावळतीची किरणं महाद्वारातून येऊन तीन दिवसांत मूर्तीच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. वाटेतल्या इमारतींचे अडथळे मोजले गेले, काही काढलेही गेले. माणसांसाठी १८८२ चा सुखाधिकार कायदा आहे: वीस वर्षं विनाखंड, हक्काने मिळालेला उजेड-वारा शेजाऱ्याला अडवता येत नाही. पण शेजाऱ्याच्या खिडकीत गरम हवा सोडू नये, हे आपल्याला कायद्याने सांगावं लागणार का?

घरात ठरलंय ते असं. बाबांच्या एका खोलीला यूपीव्हीसीची घट्ट खिडकी, एकेरीच काच, बाहेर छज्जा, आणि एसी. उरलेल्या तीन खिडक्या सुताराकडून रंधा मारून, नव्या बिजागऱ्या लावून पुन्हा तिथेच. पश्चिमेला चिक. आउटडोअर युनिट भिंतीवर लावलं तर फुकट, गच्चीवर न्यायचं तर पाइप लांबतो, त्याचे पैसे वेगळे. बाबा म्हणाले, “सगळ्यांची भिंतीवरच आहेत की.” आहेतच. मी गच्चीवर म्हटलंय. किती फूट पाइप लागेल, ते बघायला मेकॅनिक रविवारी येणार आहे.