पिंजऱ्यातले पाखरू आणि आपले पुण्य

पिंजऱ्यातले पाखरू विकत घेऊन मोकळे सोडले, तर पुण्य लागते काय? प्रश्न साधा दिसतो. पण नीट विचार केला तर तो आपल्या दयेचीच परीक्षा घेतो.

हिरवी मुनिया म्हणून चिमणीहून लहान पक्षी आहे. पाठ हिरवी, पोट पिवळे, चोच लाल, कुशीवर काळे-पांढरे पट्टे. आमच्या देवगडच्या दमट किनाऱ्यावर तो राहत नाही. अबूच्या परिसरापासून मध्य भारतापर्यंत कोरड्या झुडपी रानात गवताचे बी टिपून जगतो. पूर्वी अशी पाखरे अहमदाबादेहून परदेशी जात. त्या शहराच्या नावावरूनच त्यांना शास्त्रात ‘अमंडावा’ म्हणतात. माणसाला आवडला, एवढाच याचा अपराध! आज जगाच्या संकटग्रस्त यादीत तो ‘असुरक्षित’ गणला आहे. १९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा झाला, १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांचा व्यापारच बंद केला गेला. तरी चोरटी विक्री चालूच आहे.

आता आमचा एखादा चाकरमानी मुंबईत असा पिंजरा पाहतो, कळवळतो, पैसे मोजून पाखरे उडवून देतो. भाव निर्मळ खरा. पण विकणाऱ्याला भाव कळत नाही, पैसा कळतो. पिंजरा रिकामा झाला की रानात पुन्हा जाळे पडते. वाटेत कितीतरी मरतात. आणि सोडलेले पाखरू तरी त्या परक्या शहरात काय खाणार, कुठे बसणार?

कोणी म्हणेल, मग समोरचा जीव तडफडत ठेवावा काय? नाही. पैसे देऊ नयेत, वनखात्याला कळवावे. सुटका झालेल्या पाखराला आधी शुश्रूषा हवी, मग त्याचे स्वतःचे रान. यात हातून पाखरू उडाल्याचा आनंद मिळत नाही, हे खरे. पण तो आनंद कोणासाठी हवा होता, हे मनाला विचारावे.

नाथमहाराजांनी रामेश्वराची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी ओतली, असे सांगतात. त्यांनी जिवासाठी आपले पुण्य खर्ची घातले. आपण मात्र पुण्यासाठी जीव खर्ची घालतो. भूतदया ती, जिचा लाभ भुताला होतो. म्हणून वारीच्या वाटेवर असो की बाजारात, पाखरू विकत घ्यायचे नाही, पाळायला नाही आणि सोडायलाही नाही, एवढा नेम आपण सर्वांनी धरावा.