वहीतलं वजन

माझ्या वजनाविषयी आमच्या घरात दोन मतं आहेत. एक वजनकाट्याचं आणि दुसरं माझं. हिचं मत काट्याच्या बाजूनं पडतं. पण ही माहेरची अहमदपूरकडची, आणि तिकडच्या माणसांना तोंडावर खरं सांगण्यात एक निर्मळ आनंद मिळत असल्यामुळं ते मत मी मोजत नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा कागदाकडं पाहिलं आणि म्हणाले, "आठ किलो कमी करा. आणि दर सोमवारी वजन लिहून ठेवत जा." यातलं पहिलं काम आवाक्याबाहेरचं होतं, दुसरं मात्र अगदी हातचं. चौतीस वर्षं मी बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले आहेत. दवाखान्यातून निघालो तो तडक वजिराबादला गेलो आणि लाल कापडी बांधणीची एक वही घेतली. पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं. त्याखाली लिहिलं, ८६ किलो. माणसाची निम्मी प्रकृती नवी वही आणल्यानंच सुधारते.

पहिल्या सोमवारी काटा ८४.८ म्हणाला. मी लिहिलं, 'घट १.२'. दुसऱ्या सोमवारी तोच काटा ८५.६ म्हणाला. मी तो उचलून पाहिला. खालची फरशी एका बाजूला खचल्यासारखी वाटली. शिवाय अंगात स्वेटर होता, रात्री उशिरा तांब्याभर पाणी प्यालो होतो, आणि काट्यातला सेल जुना झाला असण्याची शक्यताही नाकारता येत नव्हती. इतक्या संशयास्पद परिस्थितीत हाती आलेला आकडा वहीत घेणं हिशेबाच्या दृष्टीनं मला बरं वाटेना. तो सोमवार कोरा राहिला. तिसऱ्या सोमवारी ८५.१ भरलं. लगेच लिहिलं, 'घट ०.५'. त्या दिवशी फरशी कशी होती, हे मी पाहिलं नाही.

वाईट बातमी दाराशी आली की आपण तिच्याकडं साक्षीपुरावे मागतो. चांगली आली की पाट मांडतो. पूर्वी रेल्वे स्टेशनावर वजनाची यंत्रं असत. नाणं टाकलं की रंगीत दिवे लुकलुकायचे, आत काहीतरी खडखडायचं आणि पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आपण थोर विचारांचे आहात, लवकरच धनलाभ होईल, असं काहीसं. मी आधी भविष्य वाचत असे. ते चांगलं असलं, आणि ते नेहमीच चांगलं असे, तर यंत्र बरोबर. मग उलटून वजन पाहायचं. ते जास्त असलं की यंत्र बिघडलेलं. एकाच तिकिटाची एक बाजू खरी आणि दुसरी खोटी धरण्याचा सराव मला तेव्हापासूनचा आहे.

वही अशी सुखानं चालली होती. तिच्यात सणवार नव्हते. येळवस तर नव्हतीच. ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी लातूर, धाराशिव आणि आमच्या नांदेडचाही काही भाग घर सोडून शेतात जेवायला जातो. भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं ताकाचं गार आंबील. वाढणारा पानाकडं न पाहता वाढतो आणि जेवणारा पोटाकडं न पाहता जेवतो. त्यानंतरच्या सोमवारी काट्यावर उभं राहणं म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडववाल्याचं बिल पाहणं. समजदार माणसानं ते टाळावं. मी टाळलं.

चौदा महिन्यांनी हिला ती वही सापडली. हिनं पेन्सिल घेऊन सगळ्या घटींची बेरीज केली. एकतीस किलो चारशे ग्रॅम.

"म्हणजे वहीप्रमाणं आता तुम्ही चोपन्न किलो सहाशे ग्रॅम," ही म्हणाली. "आणि काटा सांगतोय शहाऐंशी. मग वरचे हे एकतीस किलो कुणाचे घेऊन हिंडायलात?"

बँकेत एखाद्या कारकुनानं नुसत्या जमा लिहून खर्च गाळला असता, तर मीच त्याला घरी बसवलं असतं. पण मी शांतपणे म्हटलं, "या वहीत एक अक्षर खोटं नाही. लिहिलेली प्रत्येक घट खरी आहे."

"धर्मराजाचं वाक्यही खरंच होतं की," ही म्हणाली आणि कणीक भिजवायला निघून गेली.

तो दृष्टान्त मला लागला. धर्मराजाचा रथ सत्याच्या बळावर जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. अश्वत्थामा मेला हे त्यानं मोठ्यानं सांगितलं, हत्ती की माणूस ते पुटपुटला. आणि रथ खाली टेकला. वजन एकदम वाढल्याची याहून जुनी नोंद माझ्या माहितीत नाही. नोंद करणारे व्यास होते म्हणून बरं. धर्मराजानं स्वतः वही ठेवली असती तर तो सोमवार कोराच राहिला असता.

बचावासाठी मी इतिहासाकडं वळलो. मोगल बादशहांची वाढदिवसाला तुला होत असे. बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या दरबारात होता; तो लिहितो की, एका वर्षी बादशहाचं वजन आदल्या वर्षापेक्षा दोन पौंडांनी जास्त भरलं आणि सगळ्या दरबाऱ्यांनी मोठा आनंद व्यक्त केला. ज्या औरंगजेबाची कबर आमच्या मराठवाड्यात खुलताबादला आहे, त्याच्या वाढलेल्या दोन पौंडांचं असं कौतुक, आणि माझ्या आठशे ग्रॅमला वहीत जागा नाही! पण हे हिला सांगण्यात अर्थ नव्हता. दरबार कुणाचा आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

इथवरची गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. पण अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे, लातूरला असते, आणि लहानपणापासून मी जे करीन ते बरोबरच असणार अशी तिची समजूत आहे. तिचं हृदय गेली काही वर्षं जरा थकलेलं आहे. तिच्या डॉक्टरांनीही तिला वही घालून दिली होती. रोज सकाळी वजन करायचं, लिहायचं, आणि तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं तर लगेच कळवायचं. त्या दिवाळीत ती आमच्याकडं आली तेव्हा मी तिला माझी लाल वही मोठ्या अभिमानानं दाखवली होती. ती म्हणाली होती, "किती छान ठेवलीस रे."

येळवशीनंतर पाचव्या दिवशी रात्री भाच्याचा फोन आला. अक्काला आडवं झालं की दम लागतोय, पाय सुजलेत, दवाखान्यात नेलंय. पहाटेची पहिली एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं त्या दिवशी पहिल्यांदाच इतक्या लांब लांब वाटली.

पोचलो तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. नाकाला नळी होती, पण बोलत होती. डॉक्टरांनी तिची वही माझ्या हातात दिली. येळवशीपर्यंतचा एक एक दिवस नीट लिहिलेला. पुढचे चार दिवस कोरे.

"अक्का, हे कोरे का?"

"वाढायलं होतं रे," ती म्हणाली. "वाढलेलं कशाला लिहायचं? तू कुठं लिहितोस? आणि तू तर फोनवर रोज विचारायचास, कमी झालं का म्हणून. तुला काय वाढलेलं सांगू?"

मी खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन समजावलं. अंगावर चरबी एका रात्रीत चढत नाही. दोन दिवसांत दोन किलो चढतं ते पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका साधा हिशेब. मीठ जास्त पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. धडधाकट माणसाचं ते दोन-तीन दिवसांत उतरतं. थकलेल्या हृदयाला ते ओढवत नाही, मग ते पायांत साठतं, फुप्फुसांत साठतं. काट्याला हे पायांच्या आधी कळतं. तिसऱ्या दिवशी कळवलं असतं तर एखादी गोळी वाढवून भागलं असतं. हे ऐकताना मला माझा पहिला सोमवार आठवला. जेवण तोडलं की पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरतं, त्यातही बरंचसं पाणीच असतं म्हणे. म्हणजे मी जे मिरवत होतो तेही पाणी आणि जे लपवत होतो तेही पाणी. सगळे सोमवार ओळीनं लिहिले असते, तरच त्याखालचा खरा आकडा दिसला असता.

पाण्याचा हिशेब लातूरला कुणी शिकवावा असं नाही. मांजरा धरणात पाणी आलं की जलपूजन होतं, नारळ फुटतात, फोटो निघतात. तळ उघडा पडल्यावर चिखलाची पूजा कुणी करत नाही. पण कागदावर पाणी चढलं तरी लिहितात आणि उतरलं तरी लिहितात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या वहीच्या पद्धतीनं नुसते भरलेले दिवस लिहिले असते, तर कागदोपत्री लातूर तुडुंब होतं आणि गाडी मिरजेतच उभी राहिली असती. पिकाचंही तेच. पूर्वी पैसेवारी पन्नास पैशांच्या आत लिहिली गेली तरच दुष्काळ धरत. वाईट आकडा लिहिला म्हणून दुष्काळ पडत नाही. लिहिला तर निदान कुणीतरी येतं.

हे खरं म्हणजे मला लहानपणीच कळायला हवं होतं. आमचे बाबा लातूरच्या गंजगोलाईजवळ एका आडतीवर मुनीम होते. तिथला मापाडी धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. लाभ, दोन, तीन, असं चालायचं. मला तेवढंच आवडायचं आणि तेवढंच लक्षात राहिलं. बाबांच्या रोजकीर्दीत मात्र लाभ ज्या शाईनं, त्याच शाईनं तूट. उंदरांनी खाल्लेली तूरसुद्धा. मी एकदा विचारलं होतं, तूट कशाला लिहिता, मालक रागावतील ना? बाबा म्हणाले, "लिहिली नाही तर ती जाते कुठं? इथंच राहते. फक्त आपल्याला दिसत नाही."

कुणी म्हणेल, सतत स्वतःच्या चुका मांडत बसलं तर माणूस खचून जाईल. खरं आहे. म्हणून दुसऱ्याच्या वहीत खुशाल नुसतं चांगलं लिहावं. संसार त्यावरच चालतात. पण स्वतःच्या वहीत दोन्ही बाजू हव्यात. आणि आपल्या माणसाला फोनवर विचारायचं झालं तर 'कमी झालं का' असं विचारू नये. नुसतं 'किती' विचारावं. पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, आणि प्रेमाची माणसं तेच परत देतात.

अक्का बरी झाली. पाच दिवसांत चार किलो पाणी उतरलं. ती घट तिनं स्वतःच्या हातानं वहीत लिहिली, आणि मागचे चार कोरे दिवस तिला आठवत होते तसे भरले. मीही नांदेडला परतल्यावर नवी वही आणली नाही. जुनीच पुढं चालवली. पहिल्याच सोमवारी 'वाढ ०.६' असं लिहिलं. लिहिताना हात थोडा अडला, पण फरशी तपासली नाही. अक्काच्या फोनमुळं सोमवारचं पुढं रोजचं झालं. आज वजन ८३ च्या आसपास चढ-उतार करतं. आठ किलो झाले नाहीत. तीन झाले, पण ते माझे आहेत.

आता रोज सकाळी सात वाजता अक्काचा फोन येतो. ती तिचा आकडा सांगते, मी तो माझ्या वहीत लिहून घेतो. मग ती विचारते, "तुझं किती?"

मी सांगतो. काल येळवशीचा दुसरा दिवस होता. काल जरा थांबून सांगितलं.