दिसलं असतं तर दिलंच असतं

पूरग्रस्तांना वाटलेल्या मदतीच्या पिशव्यांवरच्या नेत्यांच्या फोटोंबद्दल मी लिहिणार नाही. त्यावर सगळ्यांचं बोलून झालंय, आणि ज्यांचे फोटो होते त्यांना ती चर्चाही गोडच लागली असणार. माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच वाक्याने. सोलापूरकडच्या सीना नदीकाठच्या पूरग्रस्तांसाठी आमच्या सोसायटीत वर्गणी निघाली, रक्कम चांगली जमली. कुणीतरी भीतभीत सुचवलं, यातले थोडे मेळघाटातल्या कुपोषित पोरांसाठी द्यायचे का? त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "अहो, तिथलं काही दिसतच नाही ना! दिसलं असतं तर दिलंच असतं."

काय हा निरागसपणा! न्यू जर्सीत काल किती बर्फ पडला हे या गृहस्थांना तोंडपाठ असतं, कारण मुलगा तिथे आहे. हिंजवडीत चौरस फुटाचा भाव कुठवर गेला, हे कुठल्याही वाहिनीने न दाखवता त्यांना कळतं. शेजाऱ्यांच्या घरी रात्री किती वाजता दिवा मालवला, तेही दिसतं. दिसत नाही तो फक्त अमरावती जिल्ह्याचा एक कोपरा. बरं, हे कुटुंबासह मेळघाटातल्याच चिखलदऱ्याला जाऊन आलेले आहेत. देवी पॉइंटवर फोटो काढले, रबडी खाल्ली, येताना घरी बांधूनही आणली. तेव्हाही दिसलं नाही. नव्वदच्या दशकापासून तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्या छापून येताहेत, उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या आहेत. पण त्या बातमीमागे व्हायोलिन वाजत नाही. पुराच्या दृश्यांमागे वाजतं. (ते व्हायोलिन लावणाऱ्याला एकदा मला भेटायचंय. पाण्याचा आवाज पुरत नाही का?)

"सरकार काय करतं?" आणि "पैसे पोचतात कशावरून?" ही न देण्याची कारणं जुनीच आहेत, ती सोडू.

हे नुसतं आपल्या सोसायट्यांचं खूळ नाही. आयझेन्सी आणि स्ट्रॉमबर्ग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1968 ते 2002 या काळातल्या सुमारे 5,000 आपत्ती तपासून 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. ऑलिम्पिक चालू असताना आपत्ती आली तर अमेरिकेची सरकारी मदत मिळण्याची शक्यता घटते, कारण बातम्यांत जागाच उरत नाही. आणि ज्वालामुखीत एक माणूस मेला तर अमेरिकी वाहिन्यांवर बातमी येण्याची जेवढी शक्यता, तेवढी अन्नटंचाईच्या वाट्याला यायला जवळजवळ 40,000 माणसं मरावी लागतात. भूक हळू मारते, हा तिचा गुन्हा.

लातूरचं आठवा. 2014 आणि 2015 या दोन्ही पावसाळ्यांनी मराठवाड्याला दगा दिला होता. नळ कधीचेच कोरडे होते. पण सगळ्या देशाला लातूर दिसलं ते एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली तेव्हा. दुष्काळ हलत नाही, रेल्वे हलते. कॅमेऱ्याला हलणारं लागतं.

पुरात तर सगळंच हलतं. म्हणून 2019 मध्ये महामार्ग बुडाला तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे ट्रकच्या रांगा लागल्या. डांबरी रस्त्यालगतच्या गावांत बिस्किटं उरली, आत चार किलोमीटरवर काडेपेटीही पोचेना. शिवाय जुने कपडे! चेन तुटलेल्या पँटी, लग्नातला एकदाच घातलेला कोट. घर वाहून गेलेल्या माणसाने कोट घालून पंचनाम्याला बसावं अशी अपेक्षा असते की काय, देव जाणे.

आता सीना उतरली आहे. वाहिन्यांवरचं होडीतल्या आजीचं दृश्य संपलं, व्हायोलिनही थांबलं. शिल्लक आहे ती खरडून गेलेली जमीन. वरची काळी माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. गाळ आणून टाकायचा, बांध पुन्हा घालायचे, विहीर उपसायची, आणि तोवर जनावरांना वैरण. हे काम एका हंगामात उरकत नाही. त्याचं चित्रीकरण करायला गेलात तर पडद्यावर एक माणूस रिकाम्या शेतात उभा दिसेल, आणि तो हुंदका देईलच याची खात्री नाही. आम्ही वर्तमानपत्रवालेही साव नाही. पहिल्या पानावरचा पूर आठवड्यात पाचव्या पानावर जातो, पुढे तालुका पुरवणीत.

गृहस्थांनी सीनेसाठी दोन हजार दिले, हे मान्य करायला हवं. त्यांतून माढ्याकडच्या एखाद्या गोठ्यात कडबा गेला असेल, तर त्या म्हशीला देणाऱ्याच्या हेतूशी काय देणंघेणं? असो. मेळघाटातून पूर्वी अकोला-खंडवा मीटरगेज गाडी जायची. रुंदीकरणाच्या नावाखाली तीही बंद झाली. नाहीतर निदान हलणारं काहीतरी दाखवता आलं असतं.